सिंधुबाईंचा एक जून

सिंधुबाई आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मतदार यादीत नाव आहे का गं तुझं?" माहेर कुठलं, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. मी म्हटलं, "बाई, आपण इथले सिटिझन नाही. आपल्याला कुठलं आलंय मत?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की चौथीत सतराचा पाढा चुकले होते तो दिवस आठवला.

"कॉमनवेल्थवाल्यांना असतं," त्या म्हणाल्या. "भारताचा पासपोर्ट चालतो. किती वर्षं झाली तुला इथे?"

"नऊ."

"मग नऊ वर्षं काय केलं?"

काय केलं म्हणजे काय? नोकरी केली, मॉर्गेज भरलं, पाऊस बघितला.

आमचं गाव साउथहॅम्प्टनपासून बसने अर्ध्या तासावर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांचे नातेवाईक मराठी वाचतात. मी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारी. गावात पंधरा-वीस मराठी घरं, बहुतेक हॉस्पिटलवाल्यांची, आणि त्यांच्याकडे व्हिसा सोपा होता त्या काळात येऊन कायमचे राहिलेले म्हातारे आईवडील. सिंधुबाई त्यातल्याच. मुलगा प्रणय हॉस्पिटलात नर्स, सून भावना फार्मसीत. बाई स्वतः अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण होत्या. म्हणून लहानथोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात.

आता तिकडच्या मास्तरणीच्या मागे निवडणुकीची ड्युटी लागलेली असते, हे काही सांगायला नको. बाईंनी ती जन्मभर केली. ती टाळायला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. एसटीतून मांडीवर मतपेटी घेऊन जायचं, शाळेच्या बाकावर झोपायचं, सकाळी सातला बोटांना शाई लावायला बसायचं. कागदाच्या मतपत्रिका होत्या तेव्हा त्या रांगेतल्या प्रत्येकाला कोरा कागद घेऊन घडी घालायला शिकवायच्या. आधी उभी, मग आडवी. आडवी घडी आधी घातली तर ओल्या शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते आणि मत बाद होतं. "माझ्या केंद्रावर बाद मतं सगळ्यात कमी," असं त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. लोक नातू डॉक्टर झाला हेसुद्धा एवढ्या तोऱ्यात सांगत नाहीत.

अशा बाईंच्या हातून अकरा मतं बाद झाली. तीच ही गोष्ट.

त्यासाठी आधी गिरीशरावांची ओळख करून घ्यायला हवी. गिरीशराव आमचे कौन्सिलर. आमचे म्हणजे अगदी आमचेच, मूळचे साताऱ्याकडचे. शिकायला आले, विद्यार्थी असतानाच पक्षात शिरले आणि कौन्सिलवर निवडून आले, ते बावीस वर्षं तिथेच. दुसरी नोकरी म्हणून कधी केली नाही. गणपतीला पहिली आरती त्यांची, चौदा एप्रिलला पहिला हार त्यांचा, आणि दोन्हीकडचा फोटो संध्याकाळच्या आत फेसबुकवर. माणूस गोड. काही सांगितलं की छातीवर हात ठेवून म्हणणार, "लीव्ह इट विथ मी." आणि ते खरंच त्यांच्यापाशीच राहायचं.

आमच्या वस्तीतून मोठा रस्ता जातो. अलीकडे आमची घरं, पलीकडे दवाखाना, पोस्टाची लाल पेटी, बसस्टॉप, आणि वर चढावर चर्चचा हॉल, जिथे मतदान असतं. गाड्या बंदरावरच्या ट्रकांसकट भरधाव येतात आणि रस्ता ओलांडायला झेब्रा क्रॉसिंग नाही. ते हवं म्हणून लोक वर्षानुवर्षं मागत होते. दर निवडणुकीला गिरीशरावांचं पत्रक दारात पडायचं. त्यावर ते रस्त्याकडे बोट दाखवत उभे, खाली 'क्रॉसिंगसाठी लढतो आहे'. बाईंनी तशी तीन पत्रकं जुन्या शेजाऱ्यांकडून जमवून फ्रिजवर लावून ठेवली होती. पहिल्यात गिरीशरावांचे केस काळे, दुसऱ्यात करडे, तिसऱ्यात केसच नाहीत. रस्ता मात्र तिन्हींत तोच.

"आपला माणूस आहे, बाई," मराठी मंडळातले लोक म्हणायचे.

"आपला आहे म्हणूनच कान धरायचा," बाई म्हणायच्या. "परक्याचा कुणी धरतं का?"

बाई आल्या त्याच वर्षी निवडणूक होती, आणि गिरीशरावांच्या विरोधात सारा उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, ना पक्ष ना पैसा, रोज मुलांना तो रस्ता ओलांडताना बघून वैतागलेली. बाईंनी कुणाला मत द्या म्हणून एका शब्दाने सांगितलं नाही. पण म्हाताऱ्यांना चढावरच्या हॉलपर्यंत जाणं अशक्य, म्हणून अकरा जणांचे टपाली मतदानाचे अर्ज त्यांनी समोर बसून भरून घेतले. पासपोर्ट उघडायचा, बघून जन्मतारीख लिहायची, सही घ्यायची. काम एकदम चोख. पुढे मतपत्रिका घरोघरी आल्या तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, "आता मी बघणार नाही. मतदान गुप्त असतं. आपापल्या घरी भरा, आपापलं पाकीट बंद करा."

निकाल लागला. गिरीशराव आठ मतांनी निवडून आले.

आणि त्यानंतर महिन्याभराने अकरा घरांत अकरा पत्रं आली. मजकूर एकच. आपलं टपाली मत मोजता आलं नाही, कारण आपण लिहिलेली जन्मतारीख आमच्याकडच्या नोंदीशी जुळत नाही.

मतपत्रिकेसोबत एक फॉर्म असतो, त्यावर पुन्हा जन्मतारीख आणि सही करायची असते. ती अर्जावरच्यासारखी नसली की मत बाद. आता इथेच आपली मंडळी फसली. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांना दोन वाढदिवस. एक आईने सांगितलेला, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा नाहीतर संक्रांतीच्या आसपासचा. दुसरा शाळेतला. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, तारीख विचारली की डोकं खाजवायचा, आणि मास्तर जूनमध्ये वय बरोबर बसावं म्हणून ठोकून द्यायचे, एक जून. तोच पुढे पासपोर्टवर. अर्जावर बाईंनी पासपोर्टातला एक जून लिहिला होता. पण इथे नातवंडांनी आजी-आजोबांचे 'रिअल बर्थडे' शोधून काढून केक कापायला सुरुवात केली होती, त्यामुळे घरी बसून फॉर्म भरताना मंडळींनी आपला खरा वाढदिवस लिहिला. खरं लिहिलं म्हणून मत गेलं.

बाई माझ्याकडे आल्या, हातात त्यांचं स्वतःचं पत्र. हो, त्यांचंही. त्यांनी फॉर्मवर श्रावणातली तारीख लिहिली होती, भावनाने पंचांग बघून काढून दिलेली.

"वरदा, मी किती पोरांना एक जून लिहिला असेल, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या. "शेकड्याने. या हातानं. आणि मलाच कळलं नाही."

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, "बाई, त्यातली निम्मी मतं गिरीशरावांनाच गेली असती. कशाला मनाला लावून घेता?"

"जाऊ देत ना त्यांना!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "कुणाला जायची ती गेली असती. पण मोजली तर असती! ही माणसं जन्मभर मोजणीत आली नाहीत कुठे, आणि मी त्यांना सांगितलं की इथे येता."

मी तर त्या वेळी मतच दिलं नव्हतं. नाव नोंदवते नोंदवते म्हणत राहिले आणि तारीख गेली. कोण निवडून आलं तर काय, सगळे एका माळेचे मणी, असं माझं तत्त्वज्ञान होतं. आळसाला तत्त्वज्ञान म्हटलं की बरं वाटतं.

ते तत्त्वज्ञान दीड वर्षाने माझ्याच टेबलावर आलं. मीनाक्षीबाई, त्या अकरांतल्याच एक, औषधं आणायला रस्ता ओलांडत होत्या. व्हॅनचा आरसा लागला, पडल्या, खुबा मोडला. एक्स-रे काढायची ड्युटी माझी. त्या स्ट्रेचरवरून माझा हात धरून म्हणत होत्या, "वरदा, लुगडं फाटलं का गं?" मी प्लेट बघितली आणि मला आठ मतं आठवली. अकरांतली किती साराला गेली असती कोण जाणे. पण बारावं माझं असू शकलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. मी बाहेर जाऊन रडले. गिरीशराव फुलं घेऊन भेटायला आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "लीव्ह इट विथ मी."

त्याच आठवड्यात मी मतदार यादीत नाव घातलं. बाईंनी शाबास म्हटलं नाही. "उशिरा सुचलेलं शहाणपण," एवढंच म्हणाल्या, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली.

चार वर्षं बाईंनी ते अकरा लोक हातचे सोडले नाहीत. दोघं वारले, पाच नवे जमले, चौदा झाले. पुढची निवडणूक जाहीर झाली तसं त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये एप्रिलमध्येच सगळ्यांचा वाढदिवस ठेवला. केकवर लिहून घेतलं, 'एक जून'. चौदांतल्या नऊ जणांचा तोच. बाकी पाच जणांना शाळेत जरा कल्पक मास्तर भेटलेले. प्रत्येकाने उठून आपली पासपोर्टातली तारीख मोठ्याने सांगायची, मगच केक.

"कमलाकरराव, तुमची?"

"तशी माझी कोजागिरीची, बाई, आई सांगायची की..."

"खाली बसा. केक नाही."

कमलाकरराव पंचाऐंशीचे, निवृत्त गिरणी कामगार. तीनदा चुकले. चौथ्यांदा "एक जून!" म्हणून ओरडले तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

मतपत्रिका आल्या त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. स्वयंपाकघरात एकेकाने जायचं, दार लावायचं, मतपत्रिका भरायची आणि आतल्या पाकिटात चिकटवूनच बाहेर यायचं. मग बाहेरच्या टेबलावर जन्मतारखेचा फॉर्म, तो बाई चष्मा लावून तपासणार. कमलाकररावांनी दाराच्या फटीतून विचारलं, "बाई, यातली सारा कुठली?" तर बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चौदाही फॉर्म बरोबर निघाले. मीनाक्षीबाईंचा तर एवढ्या सुवाच्य अक्षरात, की बाईंनी शेरा द्यायचा तेवढा बाकी ठेवला.

मी म्हटलं, "द्या इकडे. ड्युटीवर जाताना टाकते पेटीत."

"नाही," बाई म्हणाल्या. "ज्याचं मत त्यानं टाकायचं."

"अहो, पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे!"

"मग?"

आणि निघालीच वरात. चौदा म्हातारे, तीन काठ्या, दोन वॉकर, मीनाक्षीबाईंची व्हीलचेअर, आणि प्रत्येकाच्या हातात पाकीट. मी हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी. एक ट्रक थांबला. त्याच्यामागे बस थांबली. बघता बघता दोन्ही बाजूंना रांग लागली, आणि हॉर्न एकानेही वाजवला नाही. बाई सर्वांत शेवटी, वर्ग सुटल्यावर पोरांमागून मास्तरणी चालतात तशा.

गिरीशराव नेमके तेव्हाच प्रचाराची पत्रकं वाटत पलीकडच्या फुटपाथवर आले. चौथं पत्रक, पुन्हा रस्त्याकडे बोट. ते धावत पुढे झाले. "अहो बाई, एवढा त्रास कशाला? द्या ना माझ्याकडे, मी टाकतो सगळी. आपलाच माणूस आहे मी."

रस्त्याच्या मधोमध बाई थांबल्या. "उमेदवाराच्या हातात मतं देऊ?" त्या म्हणाल्या. "गिरीशराव, इथल्या कायद्यात बसत नाही ते. बावीस वर्षं... नाही, सव्वीस झाली आता. सव्वीस वर्षं आहात, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं. आणि हात रिकामेच असतील तर ती व्हीलचेअर फुटपाथवर चढवा."

गिरीशरावांनी पत्रकं खिशात कोंबली आणि चढवली. चांगली दोन्ही हातांनी, जपून. मला त्या क्षणी त्यांची थोडी दया आली. वाईट माणूस नव्हता, फक्त कुणी कधी कामाला लावला नव्हता.

मतदानाच्या दिवशी मी ड्युटी संपवून हॉलवर गेले. भारताचा पासपोर्ट दाखवला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली, दोन मिनिटांत बाहेर. एवढंच? तेरा वर्षं मी एवढ्याशा गोष्टीला टाळत होते? तशीच बाईंकडे गेले. त्यांनी माझं डावं बोट धरून उलटसुलट बघितलं.

"शाई लावत नाहीत इथे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. तेवढं एक कमी आहे यांच्यात." त्यांनी नात तनिषाचा जांभळा मार्कर काढला आणि माझ्या नखापासून खाली एक रेघ ओढली. रेघ अगदी सरळ आली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिघांनी विचारलं, इंक लागली का म्हणून. मी पुसली नाही.

सारा बावीस मतांनी निवडून आली. बाईंनी फ्रिजवरची चारही पत्रकं काढली, आणि त्या जागी साराचं पत्रक लावलं. मी म्हटलं, "आता जिंकली की ती!" तर म्हणाल्या, "म्हणूनच लावलं. आता हिची चार वर्षं मोजायची."

एक जूनला मंडळाच्या हॉलमध्ये खरा केक झाला. सारा आली होती. तिने सांगितलं, की कौन्सिलची माणसं रस्त्याचं माप घेऊन गेली, क्रॉसिंगला मंजुरी मिळाली तरी बांधायला वर्ष लागेल, खोटं प्रॉमिस करणार नाही. बाईंनी ते वहीत तारखेसकट लिहून घेतलं. मग सारा केककडे बघून म्हणाली, "नऊ जणांचा एकाच दिवशी? रिअली? आज खरंच जन्मलेलं कोण आहे?" एकाचाही हात वर गेला नाही. मग कमलाकररावांना जे हसू फुटलं ते अख्ख्या हॉलभर पसरलं. गिरीशरावही आले होते, मागच्या खुर्चीवर. ते आता मंगळवारी आणि शुक्रवारी मीनाक्षीबाईंना गाडीतून फिजिओथेरपीला नेतात. तसं बाईंनीच ठरवून दिलं. वेळेवर येतात.

पण बाईंचा जीव अजून खाली पडला नव्हता. मत बाद झालं असेल तर तसं पत्र तीन महिन्यांच्या आत येतं. मे गेला, जून गेला. रोज साडेअकराला पोस्टमन यायचा आणि बाई दारामागे स्टूल टाकून बसलेल्या असायच्या. जाहिराती यायच्या, प्रणयची बिलं यायची, पिझ्झाची कुपनं यायची. मग बाकीच्या तेरा घरी फोन. "काही आलं का?" "नाही बाई." "नीट बघा." आम्ही त्यांना सांगून थकलो, की आता मोजून झालं, सारा बसलीसुद्धा खुर्चीवर. त्या ऐकायच्या नाहीत. मत बाद झाल्याच्या त्या जुन्या पत्रातला मजकूर त्यांना पाठ होता.

ऑगस्टमध्ये मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेऊन त्यांच्याकडे गेले. दोघी दारामागे बसलो. साडेअकरा झाले, पाऊण वाजला. पोस्टमन आला, आमच्या दारावरून पुढे गेला. बाईंनी तेराही फोन केले. शेवटचा कमलाकररावांना. ते पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलतात की मलाही ऐकू आलं. "काही नाही आलं, बाई! आमची तारीख चुकत नसते आता!"

बाईंनी फोन ठेवला. चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते.

"मोजली गं," त्या म्हणाल्या. "चौदाच्या चौदा."